दोन सिनेमांच्या मधली पानं

नटनट्यांची आत्मचरित्रं वाचताना मी शेजारी मोबाइलवर त्यांच्या चित्रपटांची यादी उघडून ठेवते. सालं बघत खाली जाते आणि एखाद-दुसरं साल कुठे गळलंय का ते शोधते. सापडलं की पुस्तकात परत जाऊन बघते, त्या वर्षी हे माणूस काय करत होतं, घरभाडं कोण भरत होतं, कोणाकोणाकडे काम मागायला गेलं आणि कोणी भेट नाकारली. बहुतेक वेळा पुस्तक तिथे गप्प असतं. 'त्यानंतर काही काळाने' एवढं म्हणून पुढचा सिनेमा सुरू होतो.

ही सवय धंद्यातून लागली. मी मालिकांचे संवाद लिहिते, ते नसले की सबटायटल्स करते, तेही नसलं की जाहिरातींच्या मराठी भाषांतरातल्या चुका काढते. राहते गोरेगाव पूर्वेला, फिल्मसिटी रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. नऊ वर्षांत माझ्या नावावर सहा मालिका आहेत. त्यांच्या तारखा एकापुढे एक मांडल्या तर नवातली जवळजवळ तीन वर्षं कुठेच बसत नाहीत. घरासाठी कर्जाचा अर्ज केला तेव्हा बँकेतल्या गृहस्थांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "मॅडम, हे मधलं काय?" कर्ज मिळालं नाही, प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला. सिनेमावरच्या मराठी पुस्तकांना आणि सिनेमातल्या माणसांवर निघालेल्या सिनेमांना तो विचारून बघावा असं तेव्हापासून डोक्यात आहे.

मराठीत या 'मधल्या'ला धड शब्दही नाही. बेकार म्हणावं तर मागच्या कामाचे पैसे अजून यायचे असतात (मालिकांच्या धंद्यात नव्वद दिवसांनी पैसे मिळणं ही रीतच आहे). सुट्टी म्हणावी तर सुट्टीला शेवट ठरलेला असतो. 'घरी बसणे' हा वाक्प्रचार सगळ्यात जवळचा, पण त्यात बसणाऱ्याचा दोष गृहीत धरलेला आहे. सेटवरची माणसं स्वतःबद्दल 'बोलणी चालू आहेत' म्हणतात. हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून आणि इतक्या वेळा स्वतःच्या तोंडून ऐकलंय की त्याचा अर्थ 'काहीच चालू नाही' असा आहे हे गोरेगावात लहान मुलालाही कळत असावं.

गोरेगावातच हे सगळं बघणं सोयीचं आहे, कारण इथे दोन्ही जमाने शेजारी-शेजारी आहेत. पश्चिमेला, एस. व्ही. रोडवर, 1943 साली फिल्मिस्तान उभं राहिलं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडलेल्या शशधर मुखर्जी, अशोक कुमार वगैरे मंडळींनी ते काढलं. स्टुडिओ म्हणजे तेव्हा कारखाना होता. नट, लेखक, वादक, सुतार महिन्याच्या पगारावर. सआदत हसन मंटो इथे पगारी लेखक होता. रुळांच्या पूर्वेला, 1977 साली, राज्य सरकारने चित्रनगरी वसवली. सुमारे 520 एकर जागा, तळं, टेकड्या, देऊळ, कोर्ट, सगळं भाड्याने. तिथे सकाळी साडेसहाला फाटकातून आत जाणारी बहुतेक माणसं ज्याचं काम करतात त्याची नोकर नसतात. शिफ्टवर येतात, शिफ्टचे पैसे मिळतात, शेड्युल संपलं की नातं संपलं. पश्चिमेला पगार आणि पूर्वेला रोजंदारी, अशी विभागणी जरा सोपी होते खरी (फिल्मिस्तान निघालं तेव्हाच स्टुडिओंचा पगारी जमाना उतरणीला लागला होता), पण फार खोटी नाही. 2025मध्ये फिल्मिस्तानची जागा एका बांधकाम कंपनीने 183 कोटींना विकत घेतली. आता तिथे टॉवर होणार.

चित्रनगरीला दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे, तेव्हा त्यांच्यापासून सुरुवात करू. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009) सुरू होतो तो अशाच एका मधल्या काळात. छापखान्याच्या धंद्यात भागीदारांशी बिनसलेलं आहे, फाळके बाहेर पडलेत, घरात पैसे नाहीत आणि गृहस्थ 'प्रोफेसर केळफा' बनून जादूचे प्रयोग करतायत. आडनाव उलटं वाचलं की केळफा. सिनेमा मला आवडतो. नंदू माधवांचे फाळके आणि विभावरी देशपांडेंच्या सरस्वतीबाई घरातलं सामान एकेक करून विकायला निघतात आणि आपण हसत असतो. बिनकामाचे दिवस इतक्या हलक्या हाताने मराठी पडद्यावर क्वचितच आलेत. पण आपण निर्धास्त हसतो, कारण 1913 येणार आहे हे आपल्याला माहीत असतं. विकलं गेलेलं प्रत्येक कपाट आपण आगाऊ माफ केलेलं असतं. सिनेमा 'राजा हरिश्चंद्र'च्या यशानंतर थोड्याच वेळात थांबतो. तेच फाळके 1919 साली स्वतःच्याच कंपनीचा राजीनामा देऊन काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहीत बसले, परत आले, बोलपट आल्यावर त्यांचं काम आटत गेलं आणि 1937च्या 'गंगावतरण'नंतर 1944मध्ये नाशिकला जाईपर्यंत त्यांनी एकही चित्रपट पुरा केला नाही. ही सात वर्षं विनोदी करता येणार नाहीत. म्हणून त्यांच्यावर कोणी सिनेमा काढत नाही.

माझी तक्रार मोकाशींबद्दल नाही. एका सिनेमात एकच गोष्ट मावते. तक्रार सवयीबद्दल आहे. पुढे यश आलं तरच रिकामा काळ सांगण्यालायक, नाहीतर तो नव्हताच, अशी आपल्या चरित्रलेखनाची शिस्त झाली आहे. इन्स्टावर 'या घरात एके काळी चार जण झोपायचो' म्हणून जुन्या खोलीचा फोटो टाकणारा नट हीच शिस्त पाळत असतो. खोलीचा फोटो टाकायला आधी बंगला लागतो.

1939-40च्या आसपास मराठी बोलपटात तीन बायका होत्या, ज्यांच्याकडे एकत्र पाहिलं की हा प्रश्न एकदम उघडा पडतो. तिघींची पुस्तकं आहेत. तिन्ही पुस्तकांची जात वेगळी आहे.

दुर्गा खोट्यांचं 'मी, दुर्गा खोटे' 1982 सालचं. सॉलिसिटरच्या घरातली मुलगी, कॅथेड्रल शाळा, सेंट झेवियर्स कॉलेज. सासरची परिस्थिती फिरली आणि सिनेमात आल्या. 1932चा 'अयोध्येचा राजा' प्रभातचा, कोल्हापूरचा. 1934ची 'सीता' कलकत्त्याची. 1936चा 'अमरज्योती' परत प्रभातचा, पण एव्हाना प्रभात पुण्याला आलेली. सगळे पगारावर एका कंपनीला बांधलेले असताना या बाई कंपनी बदलत, चित्रपटापुरता करार करत फिरत होत्या. आज ज्याला फ्रीलान्स म्हणतात ते हिंदुस्थानात पहिल्यांदा करणाऱ्या नट्यांमध्ये त्यांचं नाव घेतात. पुस्तकाची भाषा सावरलेली, घरंदाज. नाही म्हणण्याची ताकद या लेखनात पानोपानी जाणवते आणि ती ताकद कुठून येते हेही दिसतं. माहेर, शिक्षण, इंग्रजी. समोरच्या मालकाला त्यांना 'बाई' म्हणूनच हाक मारावी लागणार. पुढे त्यांनी स्वतःची संस्था काढली, लघुपट आणि जाहिरातपट केले. दूरदर्शनवरची 'वागळे की दुनिया' (1988) त्यांच्याच संस्थेची. म्हणजे पडद्यावरचं काम कमी झालं तेव्हा त्या कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. फ्रीलान्सिंगवरच्या कुठल्याही सेमिनारमध्ये हे उदाहरण झकास चालेल. फक्त अशी दुसरी बाजू प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, हे त्या सेमिनारमध्ये कोणी सांगणार नाही.

शांता आपट्यांचं उलट. 'अमृतमंथन', 'कुंकू', 'गोपाळकृष्ण' करून त्या प्रभातच्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक झाल्या होत्या. करारावरून कंपनीशी वाजलं आणि 1939मध्ये त्या पुण्याला प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. देशातली सगळ्यात लोकप्रिय गायिका-नटी पगारी नोकर म्हणून कंपनीच्या दारात बसलेली. पुढच्याच वर्षी, 1940ला, त्यांचं 'जाऊ मी सिनेमात?' आलं. मला तिघींच्या पुस्तकांत हे सगळ्यात धाडसी वाटतं, आणि त्याची चर्चा मराठीपेक्षा इंग्रजीतल्या अभ्यासकांनी जास्त केली आहे याची थोडी लाजही वाटते. आठवणींचं पुस्तक लिहायचं वय नव्हतंच, तेवीस-चोवीस वर्षांच्या होत्या. सिनेमात जाऊ का म्हणून विचारणाऱ्या पोरापोरींशी त्या बोलतात आणि सिनेमाकडे एक उद्योग म्हणून बघतात. भांडवल कोणाचं, श्रम कोणाचे, थकतं कोण. करिअर मार्गदर्शन नावाचा प्रकार मराठीत पुढे बोकाळला, पण त्यात 'थकवा' हा विषय नसतो. आपट्यांच्या शीर्षकातलं प्रश्नचिन्ह मला फार महत्त्वाचं वाटतं. आजच्या 'क्रिएटर व्हायचंय?'मधलं प्रश्नचिन्ह कोर्स विकायला ठेवलेलं असतं. आपट्यांचं खरोखरच विचारतं.

तिसऱ्या हंसा वाडकर. 'सांगत्ये ऐका'. नाव त्यांच्याच 1959च्या तमाशापटाचं, जो पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून जास्त आठवडे चालला. आठवणी त्यांनी अरुण साधूंना सांगितल्या, 'माणूस' साप्ताहिकात त्या आल्या, 1970 साली पुस्तक झालं आणि पुढच्याच वर्षी बाई गेल्या. पहिला चित्रपट 1936चा, म्हणजे वय तेरा. घर त्यांच्या कमाईवर. ज्या घरात तेरा वर्षांची मुलगी कमावते त्या घराला दोन कामांमधलं अंतर परवडत नाही. नको असलेला सिनेमा, नको असलेला माणूस, सगळं घ्यावं लागतं, कारण 'काही काळाने' म्हणायलाही आधी तो काळ काढावा लागतो.

या पुस्तकात तो गळलेला काळ आहे, आणि तो गप्प नाही. रागाच्या भरात बाई घर सोडतात आणि एका माणसाबरोबर मराठवाड्यातल्या एका गावी जातात. त्याच्या घरात आधीच बायका आहेत. तीन वर्षं तिथे. मुंबईत जिच्या नावावर तिकिटं खपतात ती नटी तिथे फक्त घरातली आणखी एक बाई. चित्रपटांच्या यादीत याचा मागमूस लागायचा नाही, यादीला काय, ती एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर उडी मारते. पुस्तक मात्र थांबतं. न रडता, न सजवता सांगतं. कुठलंही स्पष्टीकरण न देता सांगितलेली ही तीन वर्षं मराठी आत्मचरित्रातला एक अवघड आणि मोठा तुकडा आहे, आणि त्याचं थोडं श्रेय लिहून घेणाऱ्या साधूंनाही द्यायला हवं. पत्रकाराला मधली जागा भरून काढायचा मोह होतो. इथे तो आवरलेला दिसतो.

श्याम बेनेगलांनी यावरून 'भूमिका' केला, तोही 1977चा, म्हणजे चित्रनगरीच्याच वर्षातला. स्मिता पाटील आहे, पटकथेत गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे आहेत, दोन राष्ट्रीय पुरस्कार आहेत. मोठाच सिनेमा. पण मधल्या काळाच्या बाबतीत मी पुस्तकाच्या बाजूने आहे. बेनेगलांनी त्या गावाचा वाडा केला. अमरीश पुरींचा काळे, अंथरुणाला खिळलेली पहिली बायको, सासू, मुलगा. उषा सुरुवातीला तिथे रमते, घर चालवते, आणि मग एक दिवस जत्रेला जायचं म्हणते तेव्हा कळतं की फाटकाबाहेर जायची मुभा नाही. प्रसंग जबरदस्त आहे. पण त्या फाटकाबरोबर प्रश्नही एका जागी बंद होतो. वाडा म्हणजे तुरुंग, पुरुष म्हणजे कैदखान्याचा मालक, असा अर्थ इतका स्वच्छ लागतो की ती तिथे का आली असेल याचं अर्धं उत्तर हातातून निसटतं. दमलेली बाई काम नसलेल्या जागी राहायला आली होती. रोज कॉल टाइम नाही, मेकअप नाही, कोणाच्या घराचा खर्च नाही. पुस्तक वाचताना मला ती ओढ समजते, तिचं पुढे काय झालं ते कळूनही समजते. सलग दहा महिने रोज एपिसोड लिहिल्यानंतर मालिका बंद झाल्याचा फोन येतो, त्या संध्याकाळी पहिली भावना भीतीची नसते. पहिली भावना झोपेची असते. भीती साधारण तिसऱ्या आठवड्यात येते. 'भूमिका'त भीती आहे, झोप नाही.

(ललिता पवारांबद्दल इथे एक वाक्य. 1942मध्ये चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला इजा झाली, डाव्या डोळ्याला कायमचा दोष आला, काही वर्षं उपचारांत गेली आणि नायिका परत आली ती खाष्ट सासू होऊन. हा किस्सा आपण 'संकटाचं सोनं' म्हणून सांगतो. उपचारांच्या त्या वर्षांचा खर्च कोणी केला, हे त्या किश्शात कधीच नसतं.)

मराठी गद्याला रिकामा दिवस लिहिता येत नाही असं नाही. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' (1980) काढून बघा. कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड टाकून गावोगाव टोपल्या विकत फिरतंय. तिथे काम न मिळालेला दिवस वगळताच येत नाही, कारण त्या दिवशी चूल पेटत नाही, आणि पोटाची गोष्ट सांगायची तर त्या दिवसापासूनच सांगावी लागते. दलित-भटक्यांच्या आत्मकथनांनी हे आपल्याला पंचेचाळीस वर्षांपूर्वी शिकवलं. सिनेमा-नाटकाच्या पुस्तकांनी ते उचललं नाही. नाटकवाले नाइटवर जगतात, सिनेमावाले शिफ्टवर, आणि लिहायला बसले की दोघेही पगारदार माणसासारखे सलग लिहितात. आयुष्यभर जणू हजेरीपट होता.

मला वाटतं यामागे लाज आहे, आणि लाजेमागे हिशेब. ज्याच्याकडे काम नाही त्याला काम मिळत नाही हा या धंद्याचा नियम. म्हणून रिकामं असल्याचं कोणी बोलत नाही, साठीनंतर आत्मचरित्रातही नाही, कारण साठीनंतरही एखाद्या मालिकेत आजोबांची भूमिका निघते. आमच्या इमारतीतल्या काकू जिन्यात विचारतात, "काय गं, सध्या घरीच का?" आणि मी, जी इथे एवढं मोठं लिहितेय, ती पटकन म्हणते, "नाही हो काकू, दोन-तीन ठिकाणी बोलणी चालू आहेत."

हा पडदा एकदाच सगळ्यांच्या समोर वर गेला. मार्च 2020मध्ये शूटिंग बंद झालं आणि काही महिने गोरेगावातले सगळे एकदमच घरी होते, नायकापासून स्पॉटदादापर्यंत. काम नाही म्हणायला त्या काळात कोणाला लाज वाटली नाही. उन्हाळ्याच्या शेवटी परवानगी मिळाली ती 65 वर्षांवरच्यांना सेटवर बंदी घालून. ज्येष्ठ कलाकार कोर्टात गेले आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. त्या काळातलं लेखन आठवून बघा. कविता आल्या, बाल्कनीतून दिसणाऱ्या पक्ष्यांचे ललितलेख आले. भाड्याच्या खोलीतल्या लाइटमनने ते महिने कसे काढले याचं मराठी पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

कायद्याचंही वाचन करायला हरकत नाही, तोही मजकूरच आहे. 1981च्या सिने-कामगार कायद्याने लेखी कराराशिवाय कोणाला कामावर घेऊ नये असं सांगितलं, पण ते फीचर फिल्मपुरतं. मालिका आल्या, वाढल्या, हजारो माणसं त्यात गेली आणि कायद्याच्या व्याख्येत ती नव्हतीच. 2020च्या संहितेत 'ऑडिओ-व्हिज्युअल वर्कर' असा नवा शब्द आला, त्यात टीव्ही, वेब, जाहिरात, सगळं आलं. 2025च्या नोव्हेंबरमध्ये त्या संहिता लागू झाल्या. वाचून बघितलं. त्यात कामाच्या दिवसांची काळजी आहे. करार सुरू कधी, संपतो कधी, पैसे कसे. एक करार संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंतचं माणूस तिथेही 'काही काळाने' याच शब्दांत राहतं.

आत्मचरित्रं नायिकांची आहेत, दिग्दर्शकांची आहेत, फार तर संगीतकारांची. यादीत ज्यांचं नावच येत नाही त्यांना साल गळायचीही सोय नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे काम नव्हतं तेव्हा संतोषनगरच्या एका लाइटदादांची वही बघायला मिळाली. वीसेक वर्षांपासून ते रोज एक ओळ लिहितात. शिफ्ट असली तर सेट नंबर, किती तास, पैसे कोणाकडे बाकी. शिफ्ट नसली तरी तारीख टाकतात. 'काम नाही. पत्रा बदलला.' 'काम नाही. मुलीची फी भरली, भावाकडून घेऊन.' 'काम नाही. फाटकापर्यंत जाऊन आलो.' सलग अकरा दिवस नुसतं 'काम नाही', मग बाराव्या दिवशी 'नाइट शिफ्ट, कोर्टाचा सेट'. हंसाबाईंच्या त्या तीन वर्षांनंतर इतकं नेमकं काही मी वाचलेलं नाही.

काही पानं इथे छापू का म्हणून विचारलं. त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली आणि विचारलं, "पर पेज किती देतात?" मी आकडा सांगितला. "आणि पेमेंट नव्वद दिवसांनीच का?" म्हणाले. ते मला संपादकांना विचारावं लागेल. अजून ठरलेलं नाही.